बागेचं घड्याळ

१७ जुलै २०२२. अडतीस युरो पासष्ट सेंट. लाइपझिगच्या बागवसाहतीतल्या एकेचाळीस नंबरच्या बागेत हार्टविग लेम्केनं त्या संध्याकाळी एका प्लास्टिकच्या डब्याचं झाकण आवळलं, तेव्हा खर्च एवढा झाला होता. आत मायक्रोकंट्रोलरचं बोर्ड, पाणी चालू-बंद करणारा रिले आणि नाण्याएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ. पाण्याचा व्हॉल्व्ह जुन्या वॉशिंग मशीनचा. सकाळी सहाला फवारे सुरू, साडेसहाला बंद. बायको इल्झं खुब्याचं ऑपरेशन होऊन दूरच्या आरोग्यकेंद्रात होती. भेटीला जायचं तर हार्टविगला पहाटेची गाडी धरावी लागे. "घरी आले की बागेतच बसून बरी होईन," असं इल्झं म्हणाली होती.

बारा दिवसांनी बागा भाड्यानं देणाऱ्या समितीचं पत्र आलं. सकाळी सातनंतर फवाऱ्यांना बंदी असताना रोज सात ते साडेसात पाणी चालू. ही तिसरी ताकीद. पहिली उंच कुंपणाची, दुसरी नियमापेक्षा भाजी कमी लावल्याची. तिसरीनंतर बाग काढून घेत.

हार्टविगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी तो डबा काखेत मारूनच समितीपुढे उभा राहिला.

"खोटं आहे! माणूस चुकेल, हे चुकणार नाही."

"रोज माझ्या बागेतल्या खोलीची खिडकी भिजते," शेजारचा डेटलेफ म्हणाला. "खिडकी काय खोटं बोलते होय रे?"

"तुझी खिडकी जन्मात धुतली नाहीस. आभार मान!"

अध्यक्ष केट्लर बाईंनी चष्मा पुसला. "लेम्के, तुमच्या डब्यात आत्ता किती वाजलेत?"

त्यानं झाकण उघडलं. "नऊ वाजून दहा मिनिटं."

भिंतीवर दहा वाजून दहा झाले होते. कोणीतरी फिस्सकन हसलं.

हार्टविगनं रेल्वेत अडतीस वर्षं स्टेशनांची घड्याळं सांभाळली होती. दर मार्चच्या शेवटच्या रविवारी, लोक झोपेत असताना, उन्हाळी वेळेसाठी ती तासभर पुढे करायची, ऑक्टोबरात मागे. निवृत्तीच्या दिवशी त्यानं शपथ घेतली होती: यापुढे माझं एकही घड्याळ हलणार नाही. बागेचं घड्याळ त्यानं हिवाळी वेळेवरच ठेवलं होतं. समितीचे सात म्हणजे डब्यातले सहा, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आता आलं, तेव्हा तो आणखीच भडकला.

"सूर्याला विचारा कोण बरोबर आहे ते!"

"सूर्य आमचा सभासद नाही," बाई म्हणाल्या. "इथेच घड्याळ पुढे करा, ताकीद मागे घेते. नाहीतर सप्टेंबरात किल्ली द्या."

डब्याला बटण नव्हतं. वेळ बदलायला घरचा कॉम्प्युटर लागणार होता. आणि कॉम्प्युटर हाताशी असता, तरी त्यानं ते केलं नसतं. पण बागेतली इल्झंची रिकामी खुर्ची त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्यानं दात-ओठ खात वायर उपटली, नखानं तो सेल काढला आणि टेबलावर आपटला.

"घ्या! आता याला कुठलीच वेळ नाही."

फवारेच बंद पडले, म्हणून बाईंनी ताकीद खोडली. डेटलेफ पुटपुटला, "गाढवाच्या हट्टाला शिंगं फुटली, तर अशीच दिसतील."

दुसऱ्या दिवसापासून हार्टविग पहाटे चारला झारीनं पाणी घालू लागला आणि चिखलाच्या बुटांनीच धावत गाडी पकडू लागला. ऑगस्टच्या शेवटी इल्झं आली. बाग हिरवी होती. तो मात्र डेटलेफशी बोलत नव्हता.

बंदीच्या वेळेत वापरलेल्या पाण्याची आकारणी समितीनं वेगळी पाठवली. एकेचाळीस नंबरकडून चार युरो ऐंशी सेंट अजून येणे आहेत.