दोन हरीश सिंह आणि एक कॉमेडी

लखनौला पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. एज्युकेशन इन्स्ट्रक्टर. सर्व्हिसची चौदा वर्षं झाली होती. रायफल माझ्या नावावर होती, पण हातात बहुतेक वेळ खडूच असायचा. वडील मेहकरला जिनिंगमध्ये हमाली करायचे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बी.ए., इंग्रजी घेऊन. त्या पदवीला फौजेने काम दिलं आणि मान दिला, हे मी विसरलेलो नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ती तक्रार समजू नये. त्यात एक चूक आहे आणि ती माझी आहे.

कॅन्टोन्मेंटमधल्या माझ्या वर्गात अकरा जवान होते. जवानाला परीक्षा देऊन ऑफिसर होता येतं. मात्र वयाची अट असते, ती ओलांडली की तो रस्ता कायमचा बंद. त्या परीक्षेच्या इंग्रजीची तयारी मी करून घ्यायची.

अकरांपैकी दोघांचं नाव हरीश सिंह. दोघंही एकाच बटालियनचे, कुमाऊंच्या डोंगरातले, गावं वेगवेगळी. अशी नावं फौजेत नेहमीच जुळतात. मग माणसाला त्याच्या आर्मी नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारतात. आमचा एक हरीश सत्तावीस होता, दुसरा चौसष्ट. दिसण्यात काहीच साम्य नव्हतं. सत्तावीस सडपातळ, बोलका, इंग्रजीत वर्गात पहिला. चौसष्ट त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, स्पेलिंग पाठ करताना ओठ हलवणारा. चौसष्टचा तो शेवटचा चान्स होता.

जानेवारीत आमचे मेजर साहेब वर्गावर आले. मागे उभं राहून वीस मिनिटं ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "शेळके, ग्रामर बहुत हुआ. इनसे एक पूरा नाटक पढ़वाओ. कॉमेडी. हँसेंगे तो अंग्रेज़ी का डर जाएगा."

नाटक त्यांनीच सांगितलं. इंग्रजीतल्या सगळ्यात मोठ्या नाटककाराचं, चारशे वर्षांपूर्वीचं. रविवारी मी हजरतगंजला जाऊन बारा प्रती आणल्या. हे नाटक मला बी.ए.ला होतं. पण आमच्या कॉलेजात आम्ही सगळे गाइडवर पास झालो होतो. मूळ पुस्तक मी कधी उघडलंही नव्हतं. हे वर्गाला सांगितलं नाही. त्यांच्याइतकाच मीही पहिल्यांदा वाचत होतो, फक्त एक रात्र आधी.

पहिला दिवस. ०९०० वाजता वर्ग सुरू झाला. धुकं खिडकीच्या गजांपर्यंत आलेलं, ट्यूबलाइट लावावी लागली. नाटक सुरू होतं तेच एका म्हाताऱ्याच्या शिक्षेने. परक्या शहरात तो बंदी तोडून आला आहे, संध्याकाळपर्यंत सुटका झाली नाही तर त्याचं डोकं उडवणार. म्हातारा आपली कहाणी सांगतो. जहाज फुटलं, जुळी मुलं होती, एक इकडे गेलं, एक तिकडे.

मी वाचून थांबलो. कोणी हसलं नाही. सगळे ताठ बसलेले.

नायक हुद्द्याच्या गुरमीतने हात वर केला. वर्गाचा विदूषक तोच. "उस्ताद, मेजर साब ने कॉमेडी बोला था ना?"

"हो. कॉमेडीच आहे."

"पहले ही पन्ने पर बुड्ढे को मार रहे हैं."

सत्तावीसने विचारलं, "उस्ताद, शाम तक मतलब कितने बजे तक?"

पुस्तकात पाच वाजताचा उल्लेख पुढे येत होता, तो मी सांगितला. त्याने वहीत लिहून घेतलं. त्यानंतर प्रत्येक प्रसंगाला तो म्हाताऱ्याकडे किती वेळ उरला ते सांगायचा. "उस्ताद, तीन घंटे." "उस्ताद, दो." बाकीचे हसायला लागले तरी त्याचा हिशोब चालूच असायचा. नाटक लिहिणारा त्या म्हाताऱ्याला विसरला की काय, अशी त्याला काळजी वाटत होती.

दुसऱ्या आठवड्यात सगळा गोंधळ झाला. कोण कुठला भाऊ, कोण कोणाचा नोकर, कोणाला कळेना. मला तर अजिबातच कळेना. मग चौसष्ट पहिल्यांदा आपण होऊन बोलला. "उस्ताद, सैंड मॉडल बना लें?"

हल्ल्याआधी आम्ही जमिनीवर वाळू आणि मातीचा नकाशा करतो. टेकडी, नाला, शत्रूची जागा. तसं बराकीमागे त्यांनी त्या शहराचं मॉडेल केलं. बंदर, बाजार, एका भावाचं घर. काड्यांना कागदाच्या झेंड्या लावून प्रत्येक पात्र उभं केलं. वाचता वाचता एक जण झेंड्या हलवायचा. तेव्हा कुठे नाटक आम्हाला उलगडलं, आणि तेव्हाच खरं हसू सुटलं. बायको परक्या माणसाला नवरा समजून जेवायला बसवते आणि खरा नवरा दाराबाहेर ठोठावतो, या प्रसंगाला गुरमीत जमिनीवर लोळला.

"गेट पर संतरी नहीं था क्या?" तो म्हणाला. "आयडी कार्ड देख लेता तो पूरा नाटक दो पन्ने में ख़तम!"

"शकल देखी और अंदर ले लिया," सत्तावीस म्हणाला. "सबका कोर्ट मार्शल बनता है."

सगळ्यांच्या मते ही शिस्तीची गंभीर चूक होती. मीही तसंच म्हणालो.

जुळ्या भावांच्या भूमिका वाचायला मी दोन्ही हरीशना दिल्या होत्या. वर्गाने ते आधीच ठरवून टाकलं होतं.

महिनाअखेरीस बटालियनचा निरोप आला. ते उंचावर फील्डमध्ये होते, माणसं कमी पडत होती. दोन हरीशपैकी एकाला परत पाठवा. कोणाला ते कोर्सने ठरवावं. मेजर साहेबांनी मला विचारलं. मी विचार करून सांगितलं, सत्तावीस. तो पुढच्या वर्षीही सहज पास झाला असता. चौसष्टला पुढचं वर्ष नव्हतं. आजही मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. पण मला तो अनेकदा तपासावा लागला आहे.

सत्तावीसला सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "उस्ताद, बुड्ढा बचता है?"

"परत ये, मग वाच."

"बता दो ना यार, उस्ताद."

मी सांगितलं नाही. शिकवण्याची माझी ती पद्धत होती.

गाडी दुपारची होती. ऑफिसचा क्लार्क रजेवर, म्हणून रवानगीचा कागद, मूव्हमेंट ऑर्डर, मीच भरली. नंबर, रँक, नाव. दोघांची कार्डं समोर होती, शेजारी तपासायच्या वह्या. मेजर साहेबांनी सही केली. सत्तावीसने कागद घडी करून खिशात घातला, सॅल्यूट केला आणि चारबाग स्टेशनला जाणाऱ्या गाडीत बसला.

अकरा दिवस गेले. त्याची भूमिका मी वाचायचो.

बाराव्या दिवशी सकाळी धुकं असं होतं की समोरची बराक दिसत नव्हती. ०९०० वाजता वर्ग सुरू. नियमाप्रमाणे सगळ्यांचे मोबाइल माझ्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात. ०९४० ला डब्यात एक फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. मी डब्यावर वही ठेवली. वाचन रंगात आलं होतं. पत्र्याचा आवाज वहीखालूनही येत राहिला. चौसष्टने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही. प्रसंग संपवला आणि १०२० ला डबा उघडला. फोन त्याचाच होता. चौदा मिस्ड कॉल, सगळे घरचे.

त्याने उभं राहून फोन लावला. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. कोणी तरी विचारत होतं, कोण बोलतंय.

"मैं हरीश, काका."

पलीकडे किंकाळी. मग बरेच आवाज. मग एकाच माणसाचं रडणं.

"बाबूजी? बाबूजी, मैं तो क्लास में हूँ. लखनऊ में. कौन मर गया? मैं? मैं ज़िंदा हूँ, बाबूजी. किसने बोला?"

वर्ग क्षणभर बघत राहिला. मग गुरमीत ओरडला, "ओए चौंसठ, तू तो भूत हो गया!" आणि आम्ही हसलो. सगळे. मीही. चार आठवडे आम्ही हेच वाचत होतो, आणि आता ते वर्गातच घडलं होतं. चौसष्टसुद्धा हसत होता, फोन कानाला, डोळे पुसत.

पहिला तोच थांबला. त्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"उस्ताद," तो म्हणाला.

मी ऑफिसात जाऊन बटालियनला फोन लावला. लाइन मिळायला नऊ मिनिटं लागली. पलीकडे ॲडज्युटंट साहेब होते, बटालियनचा कारभार पाहणारे.

"सर, सिपाही हरीश सिंह, चौंसठ, मेरे सामने है."

"तो कोर्स से कौन लौटा था?"

"सत्ताईस, सर."

"उस्ताद, मूवमेंट ऑर्डर पर नंबर चौंसठ का है."

मी फाइलमधली प्रत काढून पाहिली. अक्षर माझं, नंबर चौसष्टचा.

सकाळी ०७१५ ला लिंक पेट्रोलवर, म्हणजे दोन पोस्टमधल्या गस्तीवर, हिमकडा कोसळला होता. पोस्टवरून रेडिओवर आलं, हरीश सिंह गेला. कंट्रोलने विचारलं, "कौन सा हरीश? ओवर." उत्तर आलं, "जो कोर्स से आया. ओवर." क्लार्कने रजिस्टर पाहिलं. तिथे माझ्या कागदावरून उतरवलेला नंबर होता. बटालियनमध्ये सगळे त्याला चेहऱ्याने ओळखत होते. त्यामुळे अकरा दिवसांत कोणी कागद आणि माणूस जुळवून पाहिला नव्हता. घरी फोन गेला तो चौसष्टच्या. सत्तावीसच्या आईवडिलांना दुपारी कळलं.

मला लेखी ताकीद मिळाली. ती कमीच होती. मेजर साहेबांनी स्वतःच्या सहीची जबाबदारी स्वतःवर घेतली. माझ्यासमोर त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

पार्थिवासोबत सत्तावीसच्या गावी जायला चौसष्टने परवानगी मागितली, ती मिळाली. परत आल्यावर त्याने मला सांगितलं की त्याचे वडीलही तिथे आले होते. दोन जीप बदलून, पुढे पायी. कोणी ओळखत नव्हतं. दिवसभर सत्तावीसच्या वडिलांशेजारी बसून राहिले. कोण आपण, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "चालीस मिनट यह मेरा बेटा था."

ती चाळीस मिनिटं माझ्या नियमाची होती. चौसष्टला ते ठाऊक होतं. तो ते बोलला नाही.

मी पुस्तकं गोळा करून कपाटात ठेवायला निघालो. चौसष्ट म्हणाला, "नहीं उस्ताद. पूरा करेंगे."

शेवटच्या प्रसंगात दोन्ही भाऊ पहिल्यांदा समोरासमोर येतात. म्हाताऱ्याला वधासाठी नेत असतानाच. सत्तावीसची भूमिका माझ्याकडे होती. त्याचं वाक्य आलं. मी तोंड उघडलं तर चौसष्टने हात वर केला, पुस्तकावरून नजर न काढता. मी थांबलो. सगळ्यांची बोटं त्या ओळींवरून हळूहळू सरकली. बोटं शेवटच्या शब्दावर पोहोचल्यावर चौसष्टने आपलं वाक्य वाचलं. असं प्रत्येक वेळी केलं. कोणी घाई केली नाही. म्हातारा सुटतो, ते गुरमीतने वाचलं.

पुस्तक मिटून गुरमीतने विचारलं, "उस्ताद, इसको कॉमेडी क्यों बोलते हैं?"

"कारण शेवटी सगळे जिवंत सापडतात," मी म्हणालो.

त्याने ते वहीत लिहून घेतलं. दहाही जणांनी लिहून घेतलं. प्रश्न परीक्षेला येण्यासारखा होता.

चौसष्ट त्या वर्षी पास झाला. आता तो मेजर आहे. मी निवृत्त होऊन विकास नगरात राहतो. इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. ते नाटक शिकवत नाही.

सिपाही हरीश सिंह तेवीस वर्षांचा होता. त्याचा पूर्ण नंबर मी आज न बघता लिहू शकतो.