वीतभर कुटार

बाबांची राख नदीत सोडली नाही. घरामागच्या त्यांच्या गुलाबाच्या वाफ्यात मिसळली, तशी त्यांचीच इच्छा होती. ती कलमं त्यांच्या हातची. त्या दिवशी आई रडली नाही, आम्हालाच पाणी देत फिरली.

दिवाळीनंतर काळी माती भेगाळली. भेगांतून राख पांढुरकी दिसायची, मला ते बघवेना. म्हटलं, आच्छादन घालायचंच. पराटीला, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांना, वाळवी लागते, गव्हाचं कुटार, मळणीतला भुसा, वाऱ्याने उडतं, म्हणून सोयाबीनचं कुटार ठरवलं. वाफा दहा फूट लांब, चार फूट रुंद, वीतभर थर म्हणजे सहा पोती.

"तुह्ये बाबा चार बोटंच टाकत," आई म्हणाली.

मी कुठली ऐकतेय! कुटार ओलसर आलं होतं, त्यावर मी आणखी पाणी मारलं.

चार-पाच दिवसांनी सकाळी मागे गेले, तर वाफ्यातून वाफ निघत होती. आई उकिडवी बसलेली, कोपरापर्यंत हात कुटारात.

"हात घालून पाह्य."

मी घातला. आत अंगासारखं गरम होतं, तापातल्या माणसाच्या कुशीसारखं. मी हात झटकन बाहेर काढला.

"त्याहिले आता थंडी नाही वाजत," आई म्हणाली.

"आई, ओलं कुटार कुजताना तापतं."

"हो, माहीत हाय मले." जन्म शेतात गेलेला तिचा, तिला काय सांगायचं!

तरी ती रोज चहा घेऊन तिथेच बसू लागली. हळू आवाजात बोलायची, मध्येच थांबायची, समोरून उत्तर येतंय तशी मान हलवायची. एकदा हसलीसुद्धा. मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. खरं सांगते, भीती वाटली मला.

मग गुलाबाची पानं पिवळी पडली, खोडं बुडाशी काळवंडली. त्या उष्णतेने मुळं भाजत होती. कलमं गेली असती तर बाबांच्या हातचं काहीच उरलं नसतं. कुटार काढावं लागेल, असं आईला सांगितलं. ती उठून वाफ्यापाशी जाऊन बसली, अंधार पडेपर्यंत.

सकाळी मात्र टोपली घेऊन तीच आधी आली. दोघींनी मिळून कुटार उपसलं, चार बोटं ठेवलं. संध्याकाळी तिने त्याखाली हात घातला, गार झालेल्या मातीवर टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"गेले," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.