शटल काशीपर्यंतच

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वाचून हसलेच आहे. माझा सगळा जन्म बनारसमध्ये गेला. इथे दर दोन गल्ल्यांआड एक चमत्कार घडतो आणि प्रत्येक चमत्काराशेजारी एक दानपेटी असते... त्यामुळे असल्या गोष्टींवरचा विश्वास लहानपणीच उडाला. तरी लिहिते आहे, कारण चार वर्षं झाली तरी मला याचं काय करावं ते कळत नाही.

मी रेल्वेत कारकून आहे. ऑफिस मुगलसरायला — स्टेशनचं नाव बदललं, आमच्या तोंडातलं नाही. रोज कॅन्टहून, म्हणजे बनारसच्या मुख्य स्टेशनावरून, शटल पकडते. शटल म्हणजे एवढीशी गाडी, दिवसभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. कॅन्ट, मग काशी स्टेशन, मग गंगेवरचा पूल, पलीकडे व्यासनगर आणि मुगलसराय. शेवटी ड्रायव्हर या टोकाचा उतरून त्या टोकाला जातो, की झाली परतीची गाडी. पुलापलीकडे काशीची हद्द संपते, आणि तिथे जो मरतो तो पुढच्या जन्मी गाढव होतो, असं इथे म्हणतात. आम्ही शटलवाले त्यावर हसायचो. आम्ही तर जिवंतपणीच, दहा ते पाच!

माई आत्या हसायची नाही. वडिलांची ही थोरली बहीण दुर्गाघाटावर राहायची, मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई. नवरा गेल्यावर तिने क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. माझी आई लवकर गेली, मला आत्यानेच वाढवलं. मी खोटं बोलले की ती मारायची नाही. म्हणायची, बोललीस ना, मग शेवटपर्यंत निभाव. पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवली, तर दिवसभर नुसती पेज मिळायची आणि समोर बाकीचे श्रीखंड खायचे.

चार वर्षांपूर्वी तिचं हृदय थकलं. पाय सुजले, घाटावरच्या पायऱ्या होईनात, म्हणून तिला कॅन्टजवळ माझ्याकडे आणलं. शहरातल्या दवाखान्यात पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळत होती. मुगलसरायचे एक डॉक्टर ओळखीचे होते, ते म्हणाले, आज आणा, आजच दाखल करून घेतो. पुण्याहून तिच्या मुलाचे, विनूदादाचे, फोनवर फोन — तिचं काही ऐकू नकोस, उचलून ने. स्वतः येऊन उचलायला मात्र त्याला सुट्टी नव्हती.

मग मी खोटं बोलले. डॉक्टर काशी स्टेशनापाशी बसतात आणि शटल काशीपर्यंतच जाते, असं सांगितलं. मोतीबिंदूमुळे तिला फारसं दिसत नव्हतं. पुलाचा धडधडाट सुरू झाला की "शेजारून मालगाडी चालली आहे" म्हणायचं, हेही ठरवून ठेवलं होतं. तिने दोनदा विचारलं, काशीपर्यंतच ना? मी दोनदा हो म्हटलं.

अकराच्या सुमाराला निघालो. काशीला शटल एक मिनिट थांबते. त्या दिवशी थांबली ती थांबलीच. गार्ड फलाटावर उतरून ड्रायव्हरला ओरडून विचारत होता, "सिगनल त हरा हौ, गाड़ी काहे नाहीं हिलत हौ?" दोघं गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले. पाइप ठीक, ब्रेक ठीक, सगळं ठीक. अर्धा तास गेला. आत्या म्हणाली, काशी आलं तर उतरायला नको का? मी म्हटलं, डॉक्टर अजून यायचे आहेत. खोट्याला खोटं जोडत गेले... डब्यात तिचा जीव गुदमरायला लागला, म्हणून तिला धरून खाली उतरवलं. तिचं दुसरं पाऊल फलाटाला लागलं आणि ब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज आला. गाडी आमच्यासमोरून निघून गेली.

योगायोग. मीही तेच म्हटलं.

पुलावरचा मोटारींचा रस्ता त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी बंद होता. शहाण्या माणसाने तिथूनच ऑटो करून शहरातला मिळेल तो दवाखाना गाठला असता. पण मला राग आला होता. गाडीचा राग! मी हट्टाला पेटले. बाकावर आत्याला टेकवलं, डॉक्टरांना फोन केला, आणि तीच शटल पलीकडे जाऊन, कॅन्टला जाऊन पुन्हा येईपर्यंत दोन तास बसून राहिले. ते दोन तास मला अजून झोपू देत नाहीत.

शटल आली. चढलो. सिग्नल झाला... आणि गाडी हलेना. आत्याचे ओठ एव्हाना काळे-निळे पडले होते. गार्ड तोच होता. खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "दीदी, माई के उतार के देखल जाय?" मी त्याच्यावर भडकले, आधी आपले ब्रेक बघा म्हटलं. पण आता डबाच आमच्याकडे बघायला लागला होता. शेवटी गार्डने आणि मी आत्याला उचलून फलाटावरच्या बाकावर ठेवलं, आणि गाडी सुटली. खिडक्यांतल्या बायकांनी जाता जाता तिला हात जोडले. हात जोडायला सगळ्या होत्या, ऑटो बोलवायला एकही उतरली नाही.

मला रडू फुटलं. म्हटलं, आत्या, मी खोटं बोलले, शटल पुलापलीकडे जाते.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "गणित शिकवायचे, म्हणून काय भूगोल येत नाही?"

मग बसलीस कशाला, म्हणून विचारलं.

"काशीपर्यंतच म्हणालीस ना? मग निभाव आता."

तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी फोन करून बोलावलेला ऑटोवाला बाहेरून आत येईपर्यंत ती गेली होती.

विनूदादा दहाव्याला आला. जो भेटेल त्याला सांगत होता, काशीचं मरण आलं, भाग्यवान बाई. मी त्याला एवढंच म्हटलं की डॉक्टर पूल ओलांडून दहा मिनिटांवर होते. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

रेल्वेतच आहे, त्यामुळे जमेल तिथे विचारलं. गाडीत दोष सापडला नाही. गार्ड तर मला बघितलं की दुसऱ्या डब्याकडे वळतो. चमत्कार म्हणावं, तर एका आजारी बाईला दवाखान्याच्या वाटेवर अडवणारा हा कसला देव? योगायोग म्हणावं, तर तिला दोन तास बाकावर बसवून ठेवणारी मी उरते. दोन्हींपैकी कुठलंच मला गिळता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला तिसरं काही सुचलं तर सांगा, पण भाग्यवान तेवढं म्हणू नका.

शटल मी अजून रोज पकडते. काशीला एक मिनिट थांबते, सिग्नल होतो, सुटते. त्यानंतर एकदाही अडलेली नाही. पूल धडधडायला लागला की मी खिडकीकडे तोंड करते आणि हळूच म्हणते — मालगाडी आहे गं आत्या, शेजारून चालली आहे.