शिंपीकाकांचं ‘हो’

माझ्या बाप्तिस्म्याला ठरलेला धर्मपिता आलाच नाही. फादरांच्या झग्याचं माप घ्यायला आलेल्या शिंपीकाकांनाच आईनं पुढे ओढलं. गळ्यात टेप तशीच! "हिला देवाच्या वाटेवर वाढवायची जबाबदारी घेता?" फादरांनी विचारलं. काका "हो" म्हणाले आणि अख्खं चर्च हसलं. पुढे दर वाढदिवसाला ते वाढत्या अंगाचा फ्रॉक दारात देऊन जायचे. संबंध तेवढाच.

आई-बाबा अपघातात गेले. मातीहून परतल्यावर माझे सख्खे काका, मामा, आत्या मला एकमेकांच्या गळ्यात मारायला बसले. मी दाराशीच उभी होते, पण लाज कुणाला? तेवढ्यात शिंपीकाका आत आले. "पोरीचे कपडे भरा. हिची खाट लावून आलोय."

आत्या कशीबशी म्हणाली, "अहो, पण तुम्ही आमचे कोण?"

"तुमचा कोणीच नाही!" काका कडाडले. "हिच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा देवासमोर हो मी म्हटलंय. तुम्ही केक खाल्लात."