आमसुलं आणि बापाची शिकवणी

दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आमसुलं. मे महिना. सकाळी अंगणात बसून मी कोकमाचे रातांबे फोडत होतो आणि आमची ही पाटावर बसून बिया काढून सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून पसरत होती. मुलगा मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला, तिथंच बसला होता.

नातू सहा वर्षांचा, सुनेबरोबर इथं आमच्याकडेच असतो. मनासारखं झालं नाय की अंग टाकतो, चावतो, हाताला लागेल ते फेकतो. म्हणून ही आणि सून दर मंगळवारी एसटीने खेडला जायच्या, अशा पोराला कसं वागवायचं ते शिकायला. तिथल्या बाईंनी सांगितलेलं, किंचाळला तर बघायचं नाय, मागेल ते द्यायचं नाय. गप्प झाला की लगेच शाबास म्हणायचं. घरातल्या सगळ्यांनी तसंच वागायचं. सून मन घट्ट करून ते पाळायची. मुलगा आला की पहिल्याच दिवशी सगळं पाण्यात. चार दिवस येतो, पोराला कशाला रडवू, म्हणून मोबाईल द्यायचा.

ही त्याला म्हणाली, "या मंगळवारी तू चल. बाई बापाला बोलावतात."

"तिथं सगळ्या बायका, आई. मी काय करू?"

"पोर काय आम्ही बायकांनीच आणलं?" मग माझ्याकडे वळली. "तुम्ही हसू नका. तुम्हाला पण शिकायचंय."

दुपारी चहा टाकायला उठली ती चुलीशी बसली, ती बसलीच. दिवस मावळायच्या आत स्मशानात नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. नातवाने मोबाईलसाठी अंग टाकलं. बायका म्हणाल्या, देऊन टाक रे, अशा दिवशी पोर रडवू नये. मुलाचा हात खिशात गेला. मी मनगट धरलं.

"नाय द्यायचा. काल ती काय म्हणाली? आपल्याला शिकायचंय."

आणि अंगणात जाऊन बसलो. कालची सालं परत रसात घालायची होती, नायतर फुकट जातात. सुतकात कसली कामं, असं कोणीतरी बोललं. बोलू दे. आत पोर किंचाळत होतं, मी मान वळवली नाय.

बऱ्याच वेळाने आवाज थांबला. मग मुलाचा ऐकू आला, घोगरा. "शाबास. गप्प झालास."

दोघं बाहेर आले. मुलाला म्हटलं, मंगळवारी तू जायचंस. मी हिचा पाट त्याच्याकडे सरकवला.