छत्तीस चढले, छत्तीस उतरले

शाळेच्या गेटवर पितळी पाटी आहे, आत गुळगुळीत दगडी पायऱ्या आहेत, आणि फीचा आकडा ऐकायचा तर माणसाने आधी खुर्ची शोधावी. पण एवढ्या मोठ्या शाळेत एखाद्या पोराचा दात पडला, तर तो आधी कुणाला दाखवायचा? मोठ्या बाईंना नव्हे, वर्गशिक्षिकेलाही नव्हे. चार नंबरच्या बसमधल्या ताईला. एकतीस वर्षं त्या बसमध्ये काढल्यावर बसताई हेच तिचं नाव होऊन बसलंय. घरी सूनसुद्धा थट्टेने म्हणते, बसताई, आता जरा बसा. पण ताईला बसणं कधी जमलंच नाही.

मुलांना चढवायचं आणि उतरवायचं, एवढंच काम असं कुणाला वाटत असेल तर त्याने एक दिवस येऊन बघावं. ज्याला गाडी लागते त्याला डावीकडच्या तिसऱ्या खिडकीशी बसवायचं, कारण तिथलीच काच पूर्ण उघडते. भांडकुदळ भावंडांच्या मध्ये कमीत कमी चार सीटा ठेवायच्या. सातवीतल्या शिष्टांना मागे जाऊ द्यायचं, पण एक कान तिकडे ठेवायचा. कुणी गृहपाठ केला नाही, कुणाच्या घरी सकाळीच वाजलंय, हे ताई पोराच्या चढण्यावरून ओळखते. दाढीमिशा फुटलेले बाप्ये रस्त्यात थांबून तिला विचारतात, ताई, मला ओळखलं का? ती म्हणते, तुला न ओळखून कसं चालेल बाबा, माझ्या दोन चपला खराब केल्यास तू. मग त्यांच्या शेजारी उभ्या बायका हसतात आणि बाप्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

अशी ही सुखी बाई. नोकरीची दोन वर्षं उरलेली, गुडघे सोडले तर तक्रार नाही. चार नंबरचे ड्रायव्हरकाकाही तिच्या बरोबरीचेच, दिवसभरात मोजून दहा शब्द बोलणारे. बाकी सगळं ते हॉर्नवर भागवतात.

यंदा शाळा सुरू झाली त्या पहिल्या सकाळी मात्र काका आपण होऊन बोलले. औषधाच्या दुकानापाशी नवा थांबा झाला होता. तिथे एक बाई पहिलीतल्या मुलीचा हात धरून उभी होती. काकांनी गाडी हळू केली आणि समोरच बघत म्हणाले, "ती बघ. तुझी झोपाळू."

ताईने दाराचा दांडा धरून वाकून बघितलं.

आता ती झोपाळू कोण, ते सांगायला हवं. चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ताईची रीत अशी होती की सकाळी चढताना मुलं मोजायची आणि शाळेत उतरताना पुन्हा मोजायची. त्या सकाळी छत्तीस चढले, छत्तीस उतरले. आकडा जुळला, काकांनी बस मागच्या शेडमध्ये नेऊन लावली, ताई चहाला गेली. अकराच्या सुमारास तिसरीच्या बाई विचारत आल्या की अमकी आज आली नाही का, घरून तर निघाली म्हणतात. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. चपला कुठे राहिल्या ते तिला कळलं नाही. अख्खं मैदान ओलांडून ती शेडकडे धावली. पोरगी शेवटच्या सीटखाली दप्तर उशाला घेऊन पडलेली सापडली. झोपेत घरंगळली असणार, असं सगळ्यांनी ठरवलं.

मग आकडा जुळला कसा? तर शाळेत नव्या चित्रकलेच्या बाई लागल्या होत्या. चणीने एवढ्याशा, दोन वेण्या घातलेल्या, पाठीला पिशवी. रस्त्यात त्यांनी हात केला म्हणून काकांनी त्यांना गाडीत घेतलं, आणि चढताना मोजणीत न धरलेल्या त्या बाईंना उतरताना ताईने पोरांत मोजलं. हे कळल्यावर स्टाफरूममध्ये हसून हसून मुरकुंडी वळली म्हणे. ताईला हसू आलं नाही. तेव्हाच्या मोठ्या बाईंनी तिला सहा महिने बसवरून उतरवून जिने पुसायला लावलं आणि ताकीद दिली, त्या घरच्यांशी या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही, बोलणं आम्ही करू. त्यामुळे पोरीची माफी मागायची राहिली ती राहिलीच. ताई बसवर परत आली तोवर ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं. ताईने तेव्हाच कानाला खडा लावला. आकडा जुळो न जुळो, मुलं उतरली की ती शेवटच्या सीटपर्यंत चालत जाते. पण एवढ्याने मन थोडंच गप्प बसतं? एकतीस वर्षांत हजारभर पोरं सुखरूप पोचवली, ती कुणी मोजावीत? विसरलेली एकच तिच्या लक्षात.

आणि आता तीच पोर आई होऊन थांब्यावर उभी. मुलीला पायरीवर चढवत ती म्हणाली, ताई, ओळखलंत ना? ताईने नुसती मान हलवली. काकांनी हॉर्न दिला आणि बस निघाली.

पुढचा आठवडा ताईने कसा काढला ते तिचं तिला माहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. थांब्यावर चार आया बोलत उभ्या दिसल्या की वाटायचं, माझाच विषय चाललाय. हिने एक चिठ्ठी ऑफिसात टाकली की झालं, दोन वर्षं राहिली असताना पुन्हा जिने. आणि चिठ्ठी टाकलीन, तरी तिचं काय चुकलं? जी बाई आपल्यालाच बसमध्ये विसरून गेली, तिच्या हाती कोण आपलं लेकरू देईल? घरी भाजी दोनदा करपली. सुनेने खोदून खोदून विचारलं, पण ताईने ताकास तूर लागू दिली नाही.

शुक्रवारी ऑफिसातून निरोप आला. एक पालक भेटायला येणार आहेत, तीन वाजता, बसपाशीच भेटू म्हणाल्या. ताईने शांतपणे केस विंचरले, गणवेशाचा कोट नीट केला. एकदाचा सोक्षमोक्ष लागलेला बरा.

तीच बाई आली आणि रिकाम्या बसमध्ये चढून पुढच्या सीटवर बसली. ताई उभीच राहिली. तिने काही बोलायच्या आत ताईनेच सुरुवात केली, कारण आता थांबलं तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

"तुम्हाला मी त्या दिवशी विसरले. चूक माझी होती. तेव्हा मला बोलू दिलं नाही, म्हणून आज सांगते. मुलीला दुसऱ्या बसला घालायचं असेल तर घाला, मला राग नाही."

बाई खाली मान घालून पर्सच्या चेनशी चाळा करत होती.

"ताई, मी झोपले नव्हते," ती म्हणाली. "मी लपले होते."

ताईला आधी कळलंच नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दिवशी वर्गासमोर उभं राहून तेराचा पाढा म्हणायचा होता. तो येत नव्हता. म्हणून सगळे उतरायला लागल्यावर ही सीटखाली शिरली होती. वाटलं, तास संपला की गुपचूप वर्गात जाऊ. पण दार बाहेरून लागलं. सापडल्यावर सगळे म्हणाले झोपली असेल, हिनेही मान हलवली. मग ताई जिने पुसताना दिसायला लागली आणि खरं सांगायची हिंमतच गेली.

ताई धपकन सीटवर बसली. "तेराच्या पाढ्यापायी?" ती म्हणाली. "आता तरी येतो का?"

"नाही."

ताईला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले ते थांबेनात. चोवीस वर्षांचं ओझं, आणि त्यातलं अर्धं तिचं नव्हतंच. तरी तिने लगेच बजावलं, लपलेली असो की झोपलेली, बघायचं काम माझंच होतं, ते मी तुझ्या माथी मारणार नाही. तुम्हीची तू कधी झाली ते दोघींनाही कळलं नाही.

"म्हणून तर मुलीला याच बसला घातलंय," ती म्हणाली. "आमच्या घरी तेव्हा रोज भांडणं. मी हरवले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही, असंच वाटायचं मला. तुम्ही अनवाणी धावत आलात. मला पोटाशी धरून रडलात. अजून आठवतं."

ताईने नाक पुसलं आणि तिच्याकडे रागाने बघितलं.

"मग चोवीस वर्षं थांबलीस कशाला गं? दुसऱ्या दिवशी सांगितलं असतंस, तर एक धपाटा घातला असता आणि दोघी तेव्हाच सुटलो असतो."