दामूभाऊजींची उन्हाळी मोजणी

दामूभाऊजी आमच्या वहाळापलीकडे राहायचे. त्या मे महिन्यात बघावं तेव्हा उघडा लॅपटॉप पूजेच्या ताटासारखा दोन्ही हातांवर धरून आपल्याच घराभोवती फिरत. चार पावलं झाली की थांबून मला ओरडून सांगत, "वहिनी, उणे सत्तर. डब्याचा कान जरा माडाकडे करा." डबा म्हणजे माझ्या मुलाने पुण्याला जाताना मागे ठेवलेला बिनतारी इंटरनेटचा, आणि कान म्हणजे त्याची अँटेना. टेलिफोनची तार आमच्याच घरापर्यंत आलेली, म्हणून खिडकीतल्या डब्यापाशी मी उभी.

जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात काढलेला हा माणूस. जावयाने एक सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. उभं राहाल तिथला सिग्नल ते आकड्यात दाखवी आणि घराच्या नकाशात हिरवा, पिवळा, तांबडा रंग भरी. एकदा नव्वद ऐकून मी खूश झाले, म्हटलं, पहिला नंबर आला. तर म्हणाले, "वहिनी, हे सगळं उण्यातलं. शून्याजवळ येईल तेवढं बरं. नव्वदला चित्र मेलं." एकसष्टला साठ म्हणायचे नाहीत कधी. "आकडा आहे तो सांगायचा, आवडेल तो नाही." बांधाच्या मोजणीत याच पायी सख्ख्या चुलत्याशी वाकडं आलेलं त्यांचं.

खटाटोप सगळा सुमतीसाठी. त्यांची बायको हो, अंथरुणाला खिळलेली. मुलगी अमेरिकेत, पावसाळ्यात बाळंत व्हायची होती. सुमतीला एकच हवं होतं, नातवंड बघायचं. शेवटी पडवीत हिरवी जागा सापडली, उणे एकसष्ट. भाऊजींनी खाट तिथेच आणून लावली.

जून लागला आणि दरवर्षीसारखे पावसाची झड अडवायला पडवीला पत्रे ठोकले. भाऊजींनी स्वतः, हो. लॅपटॉप उघडला तर उणे नव्वद. माजघरात गेले तर जांभ्याच्या भिंती, सगळं तांबडं. पत्रा काढावा तर झड थेट सुमतीच्या अंगावर. तिला हलवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आमच्याकडून वायर ओढावी तर वायर टाकणारा म्हणाला, वहाळाचं पाणी उतरू दे.

"मी उन्हाळ्यातलं घर मोजलं, वहिनी," एवढंच म्हणाले. मोजणी उन्हाळ्यात करायची, ही खात्यातली सवय.

लेकीला मुलगी झाली. मी फोटो छापून नेला. सुमतीने तो खूप वेळ धरला आणि म्हणाली, "हलत नाही गो ही."

श्रावणात एका सकाळी उघडीप पडली. तोवर सुमतीचं बोलणं बंद झालं होतं. भाऊजींनी मला हाक मारली. वहाळावरच्या साकवावरून गेले, तर ते पत्रा उतरवत होते. उणे बासष्ट. पडद्यावर ती इवलीशी पोर हातपाय झाडायला लागली. भाऊजींच्या लॅपटॉपला कॅमेरा नव्हता, त्यामुळे तिकडे लेकीला इकडचं काही दिसत नव्हतं.

"बाबा, आई बघतेय ना?"

सुमतीचे डोळे मिटलेले. श्वास तेवढा चालू होता. मी दोनदा हाक मारली, खांदा हलवला. भाऊजींनी आकड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. बाहेर सर आली, पडवीत शिंतोडे उडायला लागले. पत्र्याला त्यांनी हात लावला नाही.

"बघतेय गो," ते म्हणाले. "हसतेय. बाळाला जरा पुढे धर."

मी छत्री उघडली आणि सुमतीवर धरली.